खाड्याची वही

खानावळीत जेवणं आणि हॉटेलात जेवणं यांतला फरक मला कुणी एका शब्दात विचारला तर मी 'खाडा' म्हणेन. हॉटेलात तुम्ही आज गेला नाहीत तर तिथे कुणाच्या लक्षातही येत नाही. खानावळीत गेला नाहीत तर वहीत तुमच्या नावासमोर, त्या तारखेच्या चौकटीत फुली पडते. म्हणजे तुमचं न येणंही तिथे लिहून ठेवतात. पुढची पानं वाचताना वाचकाने एवढी फुली ध्यानात ठेवली तरी पुरे. आमटी, भाकरी, रस्सा, सुकट हे सगळं आपापल्या जागी येईलच.

मी पुण्यात शिकायला आलो तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, जिन्याखालच्या बोळातून आत गेलं की लागणाऱ्या दोन खोल्यांत आमची खानावळ होती. पाटी नव्हती. दारातला चपलांचा ढीग हीच पाटी. आत भिंतीला लावलेली दोन लांब बाकडी, किराणा दुकानाचं कॅलेंडर आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसलेल्या काकू. त्यांच्या मांडीवर ती वही असे. लांबट, लाल कापडी बांधणीची, दुकानदार खतावणीला वापरतात तसली. डावीकडे आमची आडनावं, वर एक ते एकतीस तारखा. प्रत्येक चौकट तिरक्या रेघेनं दुभागलेली. वरचा त्रिकोण सकाळचा, खालचा रात्रीचा. जेवलं की टिंब, नाही जेवलं की फुली, आणि कुणी दोस्ताला बरोबर आणलं तर 'पा', म्हणजे पाहुणा. पाहुण्याचे पैसे वेगळे आणि ते आणणाऱ्याच्या नावावर. चाळीस-पंचेचाळीस मेंबरांचा अख्खा महिना दोन पानांत मावायचा. कोण गावाला गेलं होतं, कुणाची परीक्षा झाली, कुणाचं कुठे जुळलंय आणि रात्रीचं जेवण हल्ली बाहेर होतंय, हे सगळं त्या टिंबा-फुल्यांवरून वाचता येई. काकूंना तर येतच असे.

खाड्याचे नियम भिंतीवर चिकटवलेले होते. सकाळचा खाडा दहाच्या आत सांगावा, रात्रीचा चारच्या आत. सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जाणार नाही. रविवारी रात्री खानावळ बंद. आम्हाला हा निव्वळ चिकटपणा वाटायचा. पुढे या पुस्तकाच्या निमित्ताने पुन्हा तिथे गेलो आणि एक अख्खी सकाळ ओट्यापाशी बसून काढली, तेव्हा त्या दहाचा अर्थ कळला. दहाला कणीक भिजते. पोळ्या लाटणाऱ्या दोघींची मजुरी किलोवर ठरलेली. एकदा परात मळली की तुम्ही आलात काय नि न आलात काय, कणीक गेली, तेल गेलं, मजुरी गेली. गॅस गेला तो वेगळाच. घरचं सिलिंडर १४.२ किलोचं, धंद्याचं १९ किलोचं, आणि धंद्याच्या गॅसचा दर किलोमागे चढा. तीन दिवसांचंही तसंच. एक माणूस एक वेळ आला नाही म्हणून मंडईतली पिशवी हलकी होत नाही. पाच जण चार दिवस गावाला गेले तर होते. व्यवस्थापनाच्या वर्गात या हिशेबाला काही भारदस्त नाव असेल. काकू सातवीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि वहीच्या मागच्या पानावर हे गणित रोज करत होत्या.

रविवार रात्रीचं कारण मात्र साधं आहे. आठवड्याच्या चौदा जेवणांतलं एक जेवण त्यांना स्वतःला रांधावं लागू नये, एवढंच. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात आणि त्यामुळे त्या रात्री पावभाजी आणि भुर्जीपावच्या गाड्यांवर काय झुंबड उडते, हे इथे शिकलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या वर्षी मला विषमज्वर झाला. खोलीवर एकटाच होतो, दोन दिवस पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी खानावळीतला वाढपी मुलगा दार ठोठावत आला. सलग चार त्रिकोणांत फुल्या, आणि गावाला जातो असं सांगितलेलं नाही, म्हणून काकूंनी त्याला पिटाळलं होतं. डॉक्टरकडे त्यानेच नेलं. पुढे अकरा दिवस मऊभात आणि मेतकुटाचा डबा खोलीवर येत होता. महिनाअखेरीला पैसे द्यायला गेलो तर हिशेबात त्या पहिल्या दोन दिवसांचेही पैसे धरलेले. मी म्हटलं, "काकू, मी तापात होतो हो." त्यांनी वही माझ्याकडे फिरवली, फुल्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "सांगितलं नव्हतंस." मी निमूट पैसे दिले. तो हिशेब मला अजून चूक म्हणता येत नाही आणि बरोबरही म्हणवत नाही. माणसाचं न येणं जिच्या लक्षात येतं तीच बाई त्या न येण्याचे पैसेही लावते. हे दोन्ही एकाच वहीत कसं नांदतं, याच्या मागे लागून मी पुढची काही वर्षं महाराष्ट्रभर खानावळींतून जेवत हिंडलो.

तेव्हा या पुस्तकात काय नाही ते आधीच सांगतो. कुठली मिसळ पहिली नि कुठली दुसरी, असे क्रमांक यात नाहीत. पाककृतीही नाहीत. त्या लिहिणारे मराठीत मोठे लोक होऊन गेले. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० सालचं. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० पासून वाटी-चमच्याचं माप घराघरांत नेलं. पण ही सगळी मापं चार-सहा माणसांच्या घराची. साठ माणसांची आमटी, तीही ऐनवेळी सात जण वाढले तर मोडणार नाही अशी, कशी करायची याचं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. ते ज्ञान हातात असतं आणि हाताबरोबर जातं.

घराबाहेर जेवणं ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही, आणि ती सोपी तर मुळीच नव्हती. कुणाच्या हातचं खायचं, कुणाच्या पंक्तीला बसायचं, हे जात ठरवत असे. गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी पुण्यात माधुकरी होती, वार लावून जेवणं होतं. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. ज्यांचे सात वार भरत नसत त्यांचा एखादा दिवस उपाशी जाई. या वारांच्या आठवणी जुन्या आत्मचरित्रांत मोठ्या गहिवरानं येतात. पण हे वार एका जातीच्या मुलांना मिळत होते, बाकीच्यांना त्या घरांच्या ओसरीवरही जागा नव्हती, हे त्या गहिवरात बुडून जातं. खानावळी निघाल्या त्याही आधी जातीच्या निघाल्या.

म्हणून खानावळीच्या इतिहासात मला दोन जागा फार महत्त्वाच्या वाटतात, आणि दोन्ही रूढ अर्थाने खानावळी नव्हत्या. पहिली कोल्हापूरची. हौदाला शिवल्यावरून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी भाऊसिंगजी रस्त्यावर हॉटेल काढायला मदत केली. त्याचं नाव 'सत्यसुधारक'. दलिताच्या हातचा चहा प्यायला गावात कोण येणार? महाराज आपली गाडी त्या दारात थांबवू लागले, स्वतः चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो घ्यायला लावू लागले. उपदेशाचं एक वाक्य न उच्चारता केलेलं हे काम आहे. चहाचा कप समोर आल्यावर सरदाराने काय करायचं, एवढाच प्रश्न त्यांनी शिल्लक ठेवला.

दुसरी जागा साताऱ्याची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तिथे वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहणार आणि एकाच पंक्तीत जेवणार, हा त्याचा पाया. महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं १९२७ मध्ये 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असं नामकरण झालं. नामकरणाचा फोटो पुस्तकांतून दिसतो. पण बोर्डिंग म्हणजे आधी जेवण, आणि जेवण म्हणजे रोजची ज्वारी. ती आणायला पैसे नसत तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांचे दागिने गेले. एकदा तर मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही गेलं. माझ्या या सगळ्या भटकंतीत मी जिथे जिथे वही पाहिली तिथे तिथे मागे कुठेतरी गहाण पडलेलं किंवा विकलेलं सोनं निघालंच. वही आणि सोनं ही जोडी मला आधी माहीत नव्हती.

तिचं सगळ्यांत मोठं रूप गिरणगावात दिसतं आणि या पुस्तकाचा सर्वांत लांब भाग त्यावरच आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापड गिरणीची कंपनी स्थापन केली, १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली आणि मग लालबाग, परळ, शिवडी, डिलाईल रोड, वरळी असा धुराड्यांचा पट्टा उभा राहिला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचा गडी मुंबईला आला तो एकटा. गड्याला काम मिळे, बिऱ्हाडाला जागा मिळत नसे. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपत. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच वळकटीवर पडे. अशा खोलीत चूल कुठे मांडणार? मग चाळीतल्याच एखाद्या खोलीत गाववाली बाई वीस-तीस माणसांचं रांधायला घेई. तिचा नवरा वारलेला असे, नाही तर गिरणीतून काढलेला, नाही तर पिणारा. कोकणातल्या गड्याला भात आणि माशाचं कालवण लागे, घाटावरच्याला भाकरी. भोंग्यावर ताटं लागत आणि भोंग्यावर उठत.

आता तिचा हिशेब पाहा. कामगाराचा पगार महिन्याने, म्हणून तो तिला पैसे महिन्याने देई. तिला मात्र तांदूळ, डाळ, रॉकेल, मासळी रोज लागे. मधल्या तीस दिवसांचं भांडवल कुणाचं? वाण्याची उधारी, आणि उधारी थकली की सावकार. पाटल्या, डोरलं, तांब्याचा हंडा, सगळं त्याच्याकडे फेऱ्या मारत असे. गिरणीमालकाने मजुराला महिनाभर उशिरा पैसे द्यायचे आणि तो उशीर चाळीतल्या एका बाईने व्याजाने पेलायचा, अशी ती रचना होती. मुंबईच्या कापडधंद्याच्या भांडवलाबद्दल जाडजूड ग्रंथ आहेत. त्यांत हे भांडवल कुठल्या रकान्यात घातलंय, ते मी शोधत असतो.

संपात तर वहीच उलटी होई. एरवी माणूस आला नाही की फुली. संपात माणूस रोज येई, टिंबं ओळीने पडत आणि पैसे येत नसत. १९२८ चा सार्वत्रिक संप सहा महिने चालला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्या महिन्यांत मालक काय म्हणाले, सरकार काय म्हणालं, सभांना किती गर्दी होती, हे सगळं लिहिलं गेलंय. त्या महिन्यांत भात कुणी वाढला? काहींनी गावाकडून तांदूळ आणला, काहींनी मुकाट्याने गाव गाठलं. गावी गेलेल्यांच्या नावासमोरचे आकडे वहीत तसेच राहिले.

बायकांची ही अडचण संघटनेत काम करता करता पाहिली ती प्रेमा पुरव यांनी. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या, मग मुंबईत कामगार चळवळीत रमलेल्या. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं होतं, पण बँकेला तारण हवं, आणि या बायकांचं तारण सावकाराच्या पेटीत. पुरवांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं, खानावळवाल्यांना एकमेकींच्या भरवशावर राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. पुढे २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज बचत गट हा शब्द सरकारी झालाय, त्याच्या बैठकीला साहेब येतात, हारतुरे होतात. त्याच्या कितीतरी आधी जेवणाच्या ताटांवर हा प्रयोग झाला होता, हे गिरणगावाबाहेर फारसं कुणाला आठवत नाही.

लालबागला आज उन्हाळ्यात गेलात तर मसाल्याच्या कांडपाचा खाट अजून नाकात जातो. बेडगी आणि संकेश्वरी मिरच्यांची पोती, भाजलेले धणे, दगडफूल, नागकेशर, आणि आपला मसाला दुसऱ्याच्या मसाल्यात मिसळू नये म्हणून यंत्राशेजारी डोळ्यांतून पाणी काढत उभ्या राहिलेल्या बायका. चिवडा गल्लीही आहे. वर पाहिलं तर गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे. त्या मनोऱ्यांतल्या कचेऱ्यांत दुपारी पोळीभाजीचे डबे जातात. ते डबे करणाऱ्यांत गिरणगावातल्याच जुन्या घरच्या सुना मला भेटल्या. गिऱ्हाईक बदललं, पैसे मोबाइलवर येतात, आणि पगार झाल्याशिवाय पैसे न देणारे अजूनही आहेत.

इराणी हॉटेलांबद्दल मी इथे लिहिलेलं नाही. माझं त्यांच्यावर प्रेम आहे, पण त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि इराण्याकडे तुम्ही एका चहावर दोन तास बसलात तरी तुमचं नाव कुणी वहीत लिहीत नाही. त्याचं सुखच ते आहे. माटुंग्याच्या ए. रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगवर मात्र एक लेख आहे. १९४२ पासून तिथे केळीच्या पानावर जेवण वाढतात, आणि नावातला 'बोर्डिंग' हा शब्द आपल्या खानावळीचाच सख्खा भाऊ आहे. मुंबईत नोकरीला आलेल्या, बिऱ्हाड नसलेल्या दक्षिणेकडच्या कारकुनांची ती गरज होती. नागपूरच्या सावजी भोजनालयांवर लिहिताना माझी जीभ पोळली आणि लेखही थोडा लांबला. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं हे जेवण मागावरून उठून भोजनालयात आलं. माग थंडावत गेले तसा रस्सा तापत गेला, असं मी तिथे लिहिलंय. ते वाक्य जरा जास्तच जमलंय याची मला कल्पना आहे. कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्याबद्दल कोल्हापूरकरांशी वाद घालायची माझी तयारी नाही.

सरकारनेही मधूनमधून ताट वाढलेलं आहे. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर होती. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. या योजनांना नाकं मुरडणारे बहुधा पोटभर जेवलेले असतात. भुकेल्याला दहा रुपयांत जेवण मिळालं हे मोठंच काम आहे. पण तिथे ताटं मोजली जातात, माणसं मोजली जात नाहीत. कालचा म्हातारा आज आला नाही, हे त्या मोजदादीत दिसत नाही. उलट टोकाला गावचा भंडारा. तिथे जेवणाऱ्याची नोंदच नाही; कुणीही या, बसा, बुंदी पुन्हा मागा. देणगीदारांची यादी मात्र लाउडस्पीकरवर तीनदा वाचतात.

'घरगुती' या शब्दाबद्दल एक तक्रार नोंदवून ठेवतो. हल्ली हमरस्त्यावरच्या प्रत्येक थाळीवर तो लिहिलेला असतो. नऊवारीतल्या बाईचं चित्र, भिंतीवर जातं, पितळी तांब्या, आणि आत पनीर. मी जेवलो त्या खऱ्या खानावळींपैकी फार थोड्यांनी स्वतःला घरगुती म्हटलं होतं. घरात भाजी आवडली नाही तर आई दुसरं काही देते. काकूंनी कोबी केला की सर्वांना कोबी. बाजारात कोबी स्वस्त असला की आठवड्यातून तीनदा कोबी. खानावळीत जीव लावतात तो खानावळीच्या पद्धतीने लावतात. त्याला घरपण म्हणणं हा घरावरही अन्याय आणि खानावळीवरही.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत मुलं दोन दिवसांत पुणं सोडून गेली. काकूंनी ती वही मला दाखवली. एप्रिलचं पान त्यांनी आखलं होतं, आडनावंही लिहिली होती. पुढे एकही टिंब नाही आणि फुलीही नाही. फुल्या का मारल्या नाहीत, असं मी विचारलं. म्हणाल्या, "अरे, खाडा सांगायला तरी कुणी होतं का?" अनामत रकमा त्यांनी वर्षभरात परत केल्या. कुणाला मनिऑर्डरनं, कुणाला मुलाच्या मोबाइलवरून. आसपासच्या बऱ्याच मेस त्यानंतर उघडल्या नाहीत. त्यांची उघडली, बारा मेंबरांवर.

पुस्तकात खानावळवाल्यांची नावं दिलेली नाहीत. काहींनी मनाला लावून घेतलं असतं, आणि काहींचे हिशेब अजून मिटलेले नाहीत. ज्यांनी ओट्यापाशी बसू दिलं, वह्या चाळू दिल्या आणि माझ्या प्रश्नांमुळे दोन-तीन वेळा पोळ्या करपू दिल्या, त्यांचा मी ऋणी आहे.

ही प्रस्तावना छापायला देण्याआधी काकूंना फोन केला. पुस्तक होतंय, तुमच्यावर लिहिलंय, येऊन वाचून दाखवतो, म्हटलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "ये की," त्या म्हणाल्या, "पण जेवायला असशील तर दहाच्या आत सांग. आणि पाहुण्याचे पैसे वाढलेत हं आता."